मुंग्या गुडघ्यापर्यंत आल्या तेव्हा

माझी थोरली वहिनी कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतते. तिच्या कात्रीला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत. फ्लूची लस घेतल्यावर बाराव्या दिवशी तिच्या पायांना मुंग्या आल्या, तेराव्या दिवशी जिना चढवेना. डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून गोळ्या दिल्या.

"भाऊजी, हा अशक्तपणा नाही," वहिनी म्हणाली. "काल घोट्यापर्यंत होतं, आज गुडघ्यापर्यंत आलंय."

लस टोचणाऱ्या सिस्टरला मी फोन केला. ती धावतच आली. तिने गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, पण पाय जागचा हलला नाही. "आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात!"

वहिनीच्या शरीराची प्रतिकारशक्ती तिच्याच नसांवर उलटली होती. लसीनंतर असं दहा लाखांत एखाद्या-दोघांना होतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. नऊ दिवस तिचा श्वास मशीनवर होता. 'हो'साठी ती एकदा डोळे मिटायची, 'नाही'साठी दोनदा. दादा तिची वेणी घालायचा. आवाज परतल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "अहो, हा भांग आहे की घाटाचा रस्ता?"

सिस्टर ड्युटी संपवून रोज यायची. एकदा तिला रडू फुटलं. "मीच टोचलं तुम्हाला."

"तूच ओळखलंसही," वहिनी म्हणाली. "आता रडू नकोस, वर आरोग्य खात्याकडे नोंद पाठव. तारखा मी सांगते. पुढच्या माणसाने गोळ्या खात दिवस घालवायला नकोत."

घरी आल्यावर चमचा धरण्यापासून सगळं नव्याने शिकणं आलं. शेजारीण भेटायला आली. "बघा, म्हणून लस घेऊच नये!"

"माझ्या दुखण्यावर तुमची पोळी भाजू नका," वहिनी शांतपणे म्हणाली. "मला ती लस पुन्हा नको, असं डॉक्टरांनीच सांगितलंय. पण तुमच्या सासऱ्यांना दमा आहे, त्यांना फ्लू झाला तर? झालं ते मी लपवणार नाही आणि फुगवणारही नाही."

शेजारणीने सासऱ्यांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी लस घेतली, काही झालं नाही.

आठ महिन्यांनी वहिनी कामावर गेली. डाव्या पायाचा अंगठा अजून बधिर आहे, चालताना काठी लागते. पुढच्या वर्षी एका ड्रायव्हरला तेच दुखणं झालं, तेव्हा सिस्टरने त्याला पहिल्याच दिवशी हॉस्पिटलात पाठवलं. त्याला मशीन लागलं नाही. कळताच वहिनीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि काठी टेकत त्याच्या खाटेशी जाऊन बसली.

"घाबरू नका," ती म्हणाली, "वेळ लागतो, पण येतं परत."