पाण्यावरची रेघ

“मागे बघू नकोस,” लोरेटा म्हणाली. “चाक धरणाऱ्यानं पुढं बघायचं. नियम तुझाच आहे.”

“नियम केला तेव्हा चाक तुझ्या हातात होतं,” रूडी हुडाक पुटपुटला. पण मान त्याने पुढे वळवली.

बोटीतल्या त्या दोन जागा त्यांच्या लग्नाइतक्याच जुन्या होत्या: आजवर पुढे चाकाशी लोरेटा, मागे गळांपाशी रूडी. वसंतात ईरी सरोवराचे पाणी बर्फाच्या गारठ्यातून पुरते सुटलेले नसते, आणि त्यातला वॉलआय हा मासा घाई करणाऱ्याला कधी वश होत नाही. त्याच्यासाठी बोट माणसाच्या चालीहूनही संथ न्यावी लागते. दोऱ्या दोन्ही अंगांना दूर धरणाऱ्या नारिंगी फळ्या पाण्यावर तरंगत मागून येतात, आणि दोऱ्यांच्या टोकांचे नकली मासे खोल पाण्यात पोहत राहतात. बोट रेषेत गेली तरच फळ्या रेषेत राहतात आणि फळ्या रेषेत राहिल्या तरच मासा फसतो, असा रूडीचा सिद्धान्त होता. उमेदीची सारी वर्षे काचेच्या भट्टीसमोर घालवलेल्या त्या माणसाला वाकडे काही खपत नसे. ‘सरळ, लोरेटा, सरळ’ हे पाठीमागून येणारे शब्द तिच्या कानांत इतके मुरले होते, की शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांच्या ताटांत वाढतानाही ते आठवून तिचा हात दचकत असे.

गेल्या हिवाळ्यात रूडीच्या हातांना कंप सुटला. आधी कॉफी सांडू लागली, मग सदऱ्याची बटणे ऐकेनाशी झाली. सरोवरावरचे बर्फ फुटले त्या आठवड्यात तो जेवणाच्या टेबलाशी गळाची गाठ मारायला बसला आणि बराच वेळ नुसताच बसून राहिला. लोरेटाने त्याच्या हातून दोरी काढून घेतली.

“जागा बदलू,” ती म्हणाली.

“बदलू. पण चाकही झेपलं नाही तर बोट वेंडेलला देऊन टाकायची. त्याच दिवशी. कुरकुर चालायची नाही.”

शेजारचा वेंडेल कुंपणापलीकडून त्या बोटीकडे फार दिवस पाहत होता. शिवाय रूडी हुडाक शब्द फिरवणाऱ्यांतला नव्हता, हे लोरेटाइतके कोणाला ठाऊक असणार?

म्हणून आज ती पहिल्यांदाच मागे बसली होती आणि जे दृश्य आजवर केवळ त्याच्या मालकीचे होते ते पाहत होती. वारा पडला होता. बोटीमागे उमटलेली फेसाची रेघ स्वच्छ दिसत होती; आणि ती सापासारखी वळवळत गेलेली होती. चाकावरचा हात थरथरे, बोट डावीकडे झुके, तो सावरे, बोट उजवीकडे जाई. फळ्या कधी रेंगाळत, कधी धावत.

“सरळ आहे ना गं?” त्याने पुढूनच विचारले.

“सरळ आहे.”

“कितपत?”

“इस्त्रीच्या घडीसारखी. तू पुढं बघ.”

इतक्यात डावीकडची फळी हिसका बसून मागे खेचली गेली. लोरेटाने गळाची काठी उचलली, आणि पहिला मासा लागला. मग पुन्हा बोट झुकली, आणि उजवीकडची फळी बुडाली. तिसऱ्या वेळी तिच्या ध्यानात आले: बोट ज्या अंगाला वळे, त्या अंगाचा नकली मासा क्षणभर मंदावे, जखमी जिवासारखा अडखळे, आणि मागून निव्वळ पाहत आलेल्या वॉलआयचा संयम नेमका तिथे सुटे.

तिसरी मादी होती, गाभोळीने पोट तट्ट फुगलेली. हुडाकांच्या बोटीत पोटुशीला ठेवून घेण्याची रीत नव्हती, आणि तिला पाण्यात सोडण्याचा मान रूडीचा होता. त्याने बोट थांबवली, तो मागे आला आणि गुडघे टेकून त्याने मादीला पाण्यात दोन्ही हातांनी आधार दिला. तिचा पांढुरका डोळा एकदा चमकला आणि ती निसटून खोल गेली. मग त्याने मान वर केली. फेस अजून विरला नव्हता.

“ही इस्त्रीची घडी?” तो म्हणाला. “बैल मुतत गेल्यासारखी दिसतेय.”

“मासे लागले ना? वळणावरच लागले, तिन्ही.”

रूडी रेघेकडे पाहत राहिला.

“म्हणजे इतकी वर्षं मी चुकत होतो?”

“तर काय.”

“बरं झालं, आत्ता कळलं. तरुणपणी कळतं तर तू डोक्यावर बसली असतीस.”

ती इतकी हसली की डब्यातली अक्रोडाची पोळी तिच्या हातून निसटली.

परतताना बंदराचे तोंड आले. दोन्ही बाजूंना दगडी बांध, मधली वाट अरुंद. बोट डावीकडच्या दगडांकडे झुकली, सावरली, पुन्हा झुकली. लोरेटाची बोटे बाकाच्या कडेवर आवळली, पण तिने हात पुढे केला नाही. रूडीने इंजिनाचा वेग उतरवला आणि तो स्वतःच उठला.

“ये,” तो म्हणाला. “इथं मासे नाहीत.”

तिने चाक हाती घेतले. तो मागे जाऊन आपल्या जुन्या जागेवर बसला.

“वेंडेलला संध्याकाळी बोलाव,” तो म्हणाला.

“कशाला? पाण्यावर चाक तुझं, बंदराच्या दारात माझं.”

“असा नियम नव्हता.”

“आता आहे. आणि कुरकुर चालायची नाही, हेही तूच म्हणालायस.”

दगडी बांध मागे पडले. आतले पाणी निश्चल होते आणि बोट धक्क्याच्या रोखाने नीट चालली होती. लोरेटा पाठीमागच्या त्या शब्दांची वाट पाहत होती, ते येईनात. तिने नियम मोडून हळूच मागे पाहिले. एका हाताने दुसरा हात मांडीवर दाबून धरून तो बसला होता, आणि तिने आखलेल्या निर्दोष रेघेकडे पाहत होता.

ती पुढे वळली. मग, तिथे एकही मासा नसताना, तिने चाक किंचित डावीकडे झुकवले.

“सरळ, लोरेटा,” मागून आवाज आला. “सरळ.”