मोडलेल्या पायलीची शीग

मी एक जुनी पायली आहे, मित्रांनो, आणि या घरची सून फुलवंता परवापासून माझ्याकडे पाठ करून वावरते. धान मापायला लहान अधोली घेते. मला हात लावायची तिला लाज वाटते. वाटू दे. मलाही वाटते.

आमच्या धानाच्या मुलखातल्या प्रतापगडाच्या पायथ्याला बिसराम सुताराने मला सागातून कोरले, काठाला पितळी कडे ठोकले. माझ्यात चार शेर धान मावते. बाहेर राज्य इंग्रजांचे असेल, खळ्यात माझेच चालते. मजुरीच्या प्रत्येक भरल्या पायलीवर धानाची टोकदार शीग लावायची, हा आमचा शिरस्ता. अर्ध्या-पाऊण पायलीला शीग नाही. ती शेराने, सपाट.

शामकलेची कापणीची मजुरी झाली सव्वातीन पायल्या. लेक बाळंतीण झाली म्हणून तिने पाऊण पायली आधीच नेली होती, तीही सपाट. फुलवंता हिशोबाला हुशार. तिने तिनांतली एक पायली मोडून चार शेर केले. पावाचा एक शेर मिळवला, पाच झाले. पाऊणचे तीन काढले, दोन उरले, म्हणजे अर्धी. एकूण अडीच. मित्रांनो, उत्तर बरोबर आहे, पाटीवर असेच लिहा.

दोन पायल्या शिगेसकट आणि अर्धी सपाट, असे धान टोपलीत पडले.

“पाटलीनबाई, टोपली हलकी काऊन लागून राहिली?” शामकलेने विचारले.

“सव्वातीनातून पाऊण गेले, अडीच राहिले. नातू झाल्यापासून तुह्या अंगात जोर आला असन.”

“मंग बराबर हाये,” म्हणत ती हसत निघाली.

ती वळली तेव्हा फुलवंताचा हात थांबला. मोडलेल्या पायलीची शीग राशीतच राहिली होती. शामकलेने तीन शिगांचे काम केले, मिळाल्या दोन. फुलवंताने हाक मारायला तोंड उघडले, भोवती माणसे पाहिली आणि मिटले.

शीग म्हणजे ओंजळभर धान. पण बाळंतिणीची एका वेळची पेज त्यात होते. माझ्या काठावरची ती शीग, आणि मी लाकूड ते लाकूडच राहिले.

मित्रांनो, अशा वजाबाकीत पूर्णांक मोडावाच लागतो. मोडा, पण मोडताना कोणाचे काय सांडते ते बघा.

आज फुलवंता राशीपाशी एकटी सापडली. मी मोठ्याने सांगितले, “फुलवंता, तुही वजाबाकी खरी, नियत खोटी. ओंजळ भर अन् शामकलेच्या दारी तू सोता जा. गड्याले धाडशीन, तर मी तुले पाटलीन म्हणणार नाही.”