ट्वायलाची टेप

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मला डोळे नाहीत, हातपाय नाहीत. आहेत ते फक्त कान. त्या कानांनी एकदा खरे ऐकले होते, पण ते वेळेवर कोणाला सांगता आले नाही. त्याचे दुःख अजून माझ्या मनातून जात नाही.

कारखान्यातून निघालो तो थेट अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या डोंगराळ भागातल्या एका लहान विद्यापीठात आलो. तिथे शाळेतले शिक्षक पुन्हा विद्यार्थी होत. वाचनात मागे पडलेल्या मुलांना कसे शिकवावे, हा त्यांचा एम.ए.चा विषय होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे आसपासच्या वस्त्यांतली मुले येत आणि एकेका शिक्षकाच्या वाट्याला एकेक मूल येई. टेबलावर दोघांच्या मध्ये माझी जागा असे. मूल मोठ्याने वाची, शिक्षक बरोबर आलेल्या प्रत्येक शब्दासाठी कागदावर खूण करी आणि मी सगळे टिपून घेई. मग दुपारी शिक्षकाने टेप लावून स्वतःचेच बोलणे तपासायचे. मूल अडले तेव्हा आपण थांबलो, की घाईने शब्द त्याच्या तोंडात कोंबला? भल्याभल्यांचा तोरा माझ्यापुढे उतरे.

त्यांना शिकवणाऱ्या डॉक्टर व्हिट माझ्यावर टपली मारून म्हणत, "नवरा खोटं सांगेल, आरसा खोटं सांगेल, हा नाही सांगायचा!" मी नुसता फुगून जाई.

एका उन्हाळ्यात लोरीन स्कॅग्ज आली. तिने बारा वर्षे तिसरीचा वर्ग सांभाळला होता. मायाळू बाई, पण भारी बोलकी. तिची पहिली टेप सर्वांसमोर वाजली, तेव्हा डॉक्टर व्हिट म्हणाल्या, "लोरीन, यात पोर कुठंय गं? मला तर तूच एकटी ऐकू येतेस."

सगळे हसले. लोरीनही हसली, पण नंतर माझ्याजवळ बसून एकटीच रडली. त्या दिवसापासून मूल अडले की ती ओठांतल्या ओठांत पाचपर्यंत मोजू लागली.

तिच्या वाट्याला आली होती ट्वायला कोम्ब्ज, एका खाणकामगाराची नऊ वर्षांची मुलगी. वाचता येत नाही म्हणून तिला तिसरीत दोनदा बसवले होते.

"मी ढ आहे, मिस लोरीन," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "पाहिजे तर आमच्या शाळेत विचारा."

"मी नाही विचारत जा! तू बस इथं माझ्याजवळ."

ट्वायलाला एकच पुस्तक आवडले. पुरात वाहून गेलेल्या खेचराची गोष्ट होती ती. पुस्तके घरी द्यायची नाहीत, असा तिथे नियम होता. पण पोरीच्या घरात एकही पुस्तक नाही, हे कळल्यावर लोरीनला राहवले नाही. तिने ते गुपचूप तिच्या पिशवीत घातले. थोरली बहीण रोज संध्याकाळी ते ट्वायलाला वाचून दाखवू लागली.

शेवटच्या दिवशी परीक्षा होती. न वाचलेले पान द्यायचे असते, हे लोरीनला ठाऊक होते. पण ट्वायला गयावया करू लागली, "खेचराचंच द्या ना! ते मला येतं." लोरीनने दिले. पोर कुठेही अडखळली नाही. लोरीनची पेन्सिल कागदावर सारखी खुणा करत होती. पुस्तकाकडे बघायला तिला सवडच नव्हती. डॉक्टर व्हिट यांनी टेप ऐकली आणि लोरीनने एकदाही मध्ये तोंड घातले नाही म्हणून तिची पाठ थोपटली. लोरीनला पदवी मिळाली. ट्वायलाला वाचता येते असे ठरले आणि मागे राहिलेल्या मुलांसाठी हिवाळ्यात दर शनिवारी जी शिकवणी असे, तिच्यातून तिचे नाव कमी झाले. मला सगळे कळले होते, पण मला कोण विचारणार?

पुढच्या उन्हाळ्यात नव्या शिक्षकांपुढे तीच टेप नमुना म्हणून वाजली. लोरीन कौतुक करून घ्यायला पुढेच बसली होती. तेवढ्यात मागून एक तरुण शिक्षिका म्हणाली, "थांबा. परत लावा बरं."

टेप पुन्हा लागली.

"ऐकलंत? पुढच्या पानावरचे शब्द आधी आले, पान नंतर उलटलं. तिला सगळं पाठ आहे, बाई. ती वाचत नाहीये."

लोरीनने पुढे होऊन टेप मागे घेतली आणि तो तुकडा स्वतःच पुन्हा लावला.

दुसऱ्याच दिवशी ती ट्वायलाच्या घरी गेली. परत आल्यावर तिने डॉक्टर व्हिटना सगळे सांगितले. खाण बंद पडली होती आणि ते कुटुंब ओहायोकडे निघून गेले होते. पत्ता कोणालाच माहीत नव्हता. शेजारीण म्हणाली होती, "आता वाचता येतं म्हणालात ना तुम्ही तिला? मास्तरांनी वर्गात उभं केलं नि नवं पुस्तक हातात दिलं. पोरं फिदीफिदी हसली. त्यानंतर ती शाळेची पायरी चढली नाही बघा."

पुढे लोरीन त्याच विद्यापीठात शिकवू लागली. संगणक आले, मी कपाटात गेलो, अंगावर धूळ साचली. पण दर उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी ती मला बाहेर काढी, तीच टेप लावी आणि नव्या शिक्षकांना म्हणे, "माझी चूक शोधा." कोणाला ना कोणाला सापडेच. मग कोणी बटणाकडे हात नेला, की ती तो हात धरी. कारण वाचन संपल्यावर टेप आणखी थोडी चालू राहिली होती.

"मग आता मी परत यायचं नाही, मिस लोरीन?"

"नाही गं राणी. तुला आता गरजच नाही!"

त्यानंतर कितीतरी वेळ ट्वायला काहीच बोलत नाही.

आता लोरीनही निवृत्त झाली आहे. माझी टेप झिजली आहे आणि ट्वायलाचा आवाज बारीक होत चालला आहे. मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणी घडाघडा वाचून दाखवले आणि मग एकदम गप्प झाले, तर नुसत्या टाळ्या वाजवून निघून जाऊ नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि दोघे मिळून एक नवे पान उघडा.