पावणेतीन इंच मागे

माझे सासरे डार्टच्या खेळात हरले की दोष दिव्याचा असतो, बोर्डाचा असतो, नाहीतर मी मागे उभी राहून श्वास घेते त्याचा असतो. चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस, केसाएवढा फरक बोटांनी ओळखणारा. त्यांचा हात कसा चुकेल?

क्लबात परवापरवापर्यंत जुना बोर्ड होता. त्यावर स्टीलच्या टोकाचे जड डार्ट, म्हणजे छोटे बाण, मारायचे आणि वजाबाकी डोक्यात करायची. गेल्या महिन्यात तो उतरवला आणि विजेचं मशीन आणून लावलं. भोकाभोकांचा प्लास्टिकचा बोर्ड, हलके डार्ट, त्यांना टोकंही प्लास्टिकची, आणि गुण मशीनच मोजतं. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, एक डार्ट हातात धरून उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "याने दात कोरायचे का?"

पण संघाचे कप्तान, म्हणजे कोपऱ्यावरचे सलूनवाले, ऐकणाऱ्यातले नव्हते. संघात जागा चारच, त्यातल्या तीन पक्क्या. चौथीसाठी बाबा आणि मी, कारण आमच्या कुरिअरच्या ऑफिसातल्या असल्याच मशीनवर मी दोन वर्षं जेवणाची सुट्टी उडवली होती. "शनिवारी दोघं खेळा, जिंकेल तो संघात," सलूनवाले म्हणाले. बाबांची ती जागा बावीस वर्षांची. ती गेली की हा माणूस दिवसभर घरात बसून माझ्या स्वयंपाकात खोट काढणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि खोटं कशाला बोलू, त्यांच्यासाठी जीवही तुटत होता.

शनिवारी खेळ सुरू झाला. तीनशे एकवरून बरोब्बर शून्यावर यायचं. बाबा उभे राहिले आणि सलूनवाल्यांनी लगेच हटकलं. नव्या खेळात उभं राहायची रेघ जुन्यापेक्षा पावणेतीन इंच मागे असते. पण बाबांचे पाय ऐकतील तर शपथ. दर फेरीला ते जुन्या जागी जाऊन ठाकायचे, दर फेरीला त्यांना मागे सरकवावं लागायचं. त्यात हात सवयीने जड डार्टचा जोर लावणार, मग हलका डार्ट वरच्या वर निघून जाणार. दोनदा तर टोकच मोडलं. वर पुन्हा मशीनच्या आधी स्वतःच हिशेब जाहीर करायचे आणि पडद्याकडे असे बघायचे की चुकलं तर तेच चुकेल. बाकी हिशेब त्यांचा एकदाही चुकला नाही.

मला वीस उरले, त्यांना बत्तीस. मी डार्ट उचलला आणि मनाशी ठरवलं, जाऊ दे. बोटभर बाजूला गेला तर कोणाला कळणार आहे?

"कोपर ढिलं सोडलंस," बाबा मागून हळूच म्हणाले. "दया दाखवायचीय तर घरी चहात साखर जास्त घाल. इथे नीट मार."

माझी कानशिलं तापली. म्हातारा सगळं बघत होता तर. रागाच्या भरात मारला तो थेट विसाच्या घरात. मशीनने कसलंसं बिनडोक गाणं वाजवलं. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, कोट उचलला आणि निघून गेले. जिंकले होते मी, आणि रडूही मलाच येत होतं.

मंगळवारी दुपारी ते ऑफिसात आले आणि पार्सल द्यायला आलेल्यांच्या रांगेत गुपचूप उभे राहिले. हातात पार्सल नव्हतंच. माझ्या खिडकीशी नंबर लागला तेव्हा म्हणाले, "सलूनवाल्याला सांगून आलोय, राखीव खेळाडूत माझं नाव घाल म्हणून."

"बरं. मग?"

"मग काय? राखीव बसायचं तर ते नवं यायला नको? तुझी सुट्टी कधी होते?"

मागची रांग चुळबुळत होती. "बाबा, तुम्ही माझ्याकडून शिकणार?"

"मग कोणाकडून शिकू?" ते माझ्यावरच खेकसले. "मला दुसऱ्या कोणी हरवलंय का?"