हिरव्या शाईतलं वाक्य

घरात तिला फौजदार म्हणत, आणि ते काही लाडाने नव्हे. डब्यातलं एक बिस्कीट कमी झालं की ही सगळ्यांचे हात हुंगत फिरायची. वडील म्हणायचे, "आपल्या दाराला कुलूप कशाला? पोरगी पुरे आहे."

अशा मुलीच्या हाती सरांनी तिच्या मामेबहिणीचा निबंध तपासायला दिला.

मामेबहीण दोन वर्षांपासून याच घरात, फौजदाराच्याच खोलीत राहत होती. चार महिन्यांनी धाकटी, म्हणून फौजदाराला ताई म्हणायची. बोलणं कमी, चालणं हळू, त्यामुळे तिचं नाव गोगलगाय पडलं होतं. या निबंधावर तिचं सगळं ठरणार होतं. चांगला उतरला तर पुढच्या वर्षी साहित्याच्या वर्गात जागा. नाहीतर मामा येऊन तिला परत नेणार आणि आपल्या इस्त्रीच्या दुकानात उभी करणार. फौजदाराला हे पक्कं ठाऊक होतं.

सर महाकाव्य शिकवत, आणि त्यांची एक पद्धत होती. निबंध पक्का करण्याआधी प्रत्येकाचा कच्चा खर्डा शेजारच्याने तपासायचा. सरांची शाई लाल, मुलांची हिरवी. सोबत एक छापील कागद असायचा: दावा कोणता, पुरावा कुठल्या सर्गातला, पाल्हाळ कुठे. तळाशी शेवटचा प्रश्न, हे लेखन लिहिणाऱ्याचं स्वतःचं आहे असं वाटतं का? हो किंवा नाही, आणि सही. एक 'नाही' पडला की निबंध मुख्याध्यापकांपुढे जायचा, आणि तिथून धड परत आलेला निबंध कुणी पाहिला नव्हता.

सगळ्या वर्गाने नायकाच्या पराक्रमाचे ढोल बडवले होते. फौजदारानेही बडवले होते, चांगली सहा पानं. गोगलगायीने मात्र युद्ध बाजूलाच ठेवलं होतं. सातव्या सर्गात जखमी नायक नदीकाठी येतो आणि म्हाताऱ्या नावाड्याला हाक मारतो, तेवढाच प्रसंग तिने धरला होता. तिसऱ्या पानावर तिने लिहिलं होतं: 'शंभर शत्रूंसमोर न थरथरणारा हा माणूस, मला पलीकडे ने, एवढं म्हणताना थरथरतो.'

फौजदाराच्या अंगावर काटा आला. आणि लगेच मनात पाल चुकचुकली. हे वाक्य आपण कुठेतरी वाचलंय. अगदी नक्की वाचलंय.

खरं सांगायचं तर तिला मत्सरही वाटत होता. जिला धड दुकानदाराशी बोलता येत नाही तिला असं वाक्य येतं कुठून? पण मत्सराला मत्सर म्हणण्याइतकी ती कच्ची नव्हती. तिने त्याला न्याय म्हटलं आणि चौकशीला लागली.

वाचनालयात तिने तीन मार्गदर्शक पुस्तकं उपसली. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "अगं, अभ्यास करतेयस की झडती घेतेयस?" वाक्य सापडलं नाही, पण त्याने संशय कमी होण्याऐवजी वाढलाच. म्हणजे चोरी मोठ्या हुशारीने केलीय. संध्याकाळी ती खोलीत शिरली तर गोगलगायीने वही मिटली. झालं, आणखी काय पुरावा हवा!

"ते नावाड्याचं तुला कुठे सुचलं गं?"

"असंच. मागेच सुचलं होतं."

"मागे म्हणजे कधी?"

गोगलगाय तिच्याकडे बघत राहिली. "ताई, तुला खरंच आठवत नाही?"

"मला काय आठवायचंय?"

"काही नाही," म्हणून ती कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

उलट आपल्यालाच प्रश्न! फौजदाराचा पारा चढला. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तिने छापील कागदावर 'नाही' लिहिलं, ठसठशीत सही ठोकली आणि कागद सरांच्या हातात दिला.

सरांनी चष्मा वर केला. "नुसतं वाटतं म्हणून भागणार नाही. कुठे वाचलंस ते सोमवारपर्यंत आण. तोवर हे मी पुढे पाठवत नाही, पण तिच्या घरी कळवावं लागेल."

कळवलं गेलं. मामाचा फोन आला, सोमवारी येतो म्हणाला. फौजदाराची आई आपल्या भाचीजवळ बसून राहिली, आणि लेकीशी बोललीच नाही. गोगलगायीने बॅग पलंगाखालून ओढून काढली. रडली नाही की भांडली नाही. तिने भांडावं असं फौजदाराला फार वाटत होतं.

रविवारी दुपारी फौजदाराने घर पालथं घातलं. जुनी मासिकं, वर्गातली टिपणं, रद्दी. सगळ्यात शेवटी तिने स्वतःची फाईल उघडली, कारण तिथे काही असणं शक्यच नव्हतं.

आत पहिल्या सत्रातला तिचाच खर्डा होता, नायकाच्या शौर्यावरचा. तो गोगलगायीने तपासला होता. चौथ्या पानाच्या समासात बारीक हिरवी अक्षरं होती: 'ताई, सातवा सर्ग बघ ना. शंभर शत्रूंसमोर न थरथरणारा हा माणूस, मला पलीकडे ने, एवढं म्हणताना थरथरतो. हे घेतलंस तर तुझा निबंध एकदम वर जाईल.'

त्यावर निळ्या शाईची आडवी काट होती. खाली फौजदाराचं स्वतःचं वळणदार अक्षर: 'विषय सोडून. उगाच रडगाणं.'

कागद फाडला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. ती बराच वेळ तो धरून बसली, आणि तिला स्वतःची शिसारी आली.

सोमवारी सरांच्या खोलीत मामा टेबलापाशी उभा होता, पायाशी लेकीची बॅग; गोगलगाय खिडकीपाशी. फौजदाराने कागद टेबलावर ठेवला. "सर, वाक्य सापडलं. मी ते माझ्याच कागदावर वाचलं होतं. तिचंच आहे."

सरांनी समास वाचला, काट वाचली, खालचा शेरा वाचला. मग छापील कागद तिच्यापुढे सरकवला. तिने 'नाही' खोडून 'हो' लिहिलं आणि पुन्हा सही केली. अक्षर वाकडं आलं. मामा टोपी हातात फिरवत म्हणाला, "मग ही बॅग परत तुमच्या घरी ठेवू का?"

बाहेर व्हरांड्यात दोघी उभ्या राहिल्या.

"बोलली का नाहीस?"

"तुला आठवेल असं वाटलं. रोज वाटायचं."

फौजदाराच्या पिशवीत तिचा स्वतःचा निबंध होता, तेच ढोल, सहा पानं. तिने तो बाहेर काढला. आयुष्यभर सगळ्यांना जाब विचारत आली होती, आता तिने कागद पुढे धरले.

"माझं चुकलं," ती कशीबशी म्हणाली. "हा तपासशील? मला जमलेला नाही."

गोगलगायीने कागद घेतले आणि हिरव्या पेनाचं टोपण उघडलं.

"तपासते. पण या वेळी खोडू नकोस."