आईची टाळी

शाळेला अर्धा तास उरला होता आणि चिंगीनं सगळं घर डोक्यावर घेतलं होतं. "या केसांवर मशीन फिरव, सगळे काढून टाक, नाहीतर मी शाळेत जाणारच नाही!" काल वर्गातल्या पोरींनी तिच्या कुरळ्या केसांत तीन पेन्सिली खोचल्या होत्या आणि घरी येईपर्यंत बिचारीला त्याचा पत्ताही नव्हता.

"अगं, किती गोड आहेत तुझे केस!" आई म्हणाली.

"मग तुझे का सरळ आहेत?"

अकरा वर्षं आई पार्लरमध्ये बायकांचे केस औषध लावून सरळ करत होती, आणि स्वतःचेही करून घेत होती. गिऱ्हाइकाला आधी तुझं डोकं दिसतं, असं मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"माझेही तुझ्यासारखेच आहेत," ती बोलून गेली. "थांब, धुऊन दाखवते."

पाणी लागलं तरी सरळच राहतील, असं ती स्वतः गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायची. पण आपलेच केस, आपल्याला एवढे कसे विसरतील, असं त्या वेडीला वाटलं. तिनं डोकं नळाखाली धरलं. केस खांद्यावर सरळसोट लोंबत राहिले.

"खोटारडी," चिंगी म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती खाली बसली, लेकीचा हात धरून आपल्या भांगात ठेवला. "इथे, मुळाशी बघ." तिथे बोटभर नवे केस आले होते, दाट आणि वेटोळे.

चिंगीनं ते चाचपले. मग स्वतःची एक बट ओढून शेजारी धरली. "अय्या, अगदी सेम! बाकीचे कधी होतील?"

"दोन वर्षं तरी लागतील."

"लागू देत. मी माझे ठेवते, तू तुझे ठेव. दे टाळी!"

परवा मालकीणबाई आईला केस सरळ करायला पुन्हा खुर्चीत बसवणार होत्या. नाही म्हणायची तिची छाती नव्हती, आणि नोकरी सोडायची तर त्याहून नव्हती. लेकीचा हात पुढेच होता. आईनं टाळी दिली.

चिंगी केस मोकळे सोडून, मान ताठ करून शाळेत निघाली. कोपऱ्यावरून वळून तिनं आईला हात केला.