दुसऱ्या कार्डावरचे फोटो

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. माझ्या कडांचा काळा रंग उडाला आहे, भिंगात बुरशी धरली आहे. पण एका माणसावर मी धरलेला डूख अजून तसाच ताजा आहे.

कारखान्यातून दुकानात आणि दुकानातून मी एका घड्याळे दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे आलो. दर रविवारी त्या मला गळ्यात अडकवून गावाबाहेरच्या तळ्यावर जायच्या. तासन्‌तास एका जागी बसायच्या. पक्षी आपणहून जवळ आला तर ठीक, नाहीतर रिकाम्या हाताने परत. "त्याच्या घरी आपण पाहुणे," असे म्हणायच्या. अशा हातांत मी सुखात होतो.

एकदा त्यांना झुडपात बुलबुलाचे घरटे दिसले. पानांच्या आड तीन पिल्ले होती. बाईंनी ते फक्त आपल्या भाऊजींना सांगितले. भाऊजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, दातांचे डॉक्टर आणि पक्षीमंडळाचे अध्यक्ष. दुसऱ्याच दिवशी ते बाईंच्या दुकानात हजर झाले.

"माझा कॅमेरा दुरुस्तीला गेलाय. तुझा दे एक दिवस."

बाईंनी विश्वासाने मला त्यांच्या हाती दिले.

घरट्यासमोर उभे राहून त्यांनी दोन-तीन फोटो काढले. पाने आड येत होती. त्यांनी खिशातून कात्री काढली आणि एक फांदी छाटली. फोटो काढला. दुसरी छाटली. पुन्हा फोटो. चौथ्या फांदीनंतर घरटे उन्हाला उघडे पडले. आई चारा घेऊन आली, तीन लाल चोची वर झाल्या आणि माझ्याच डोळ्याने तो फोटो टिपला गेला. मला मिटताही आले नाही.

फोटोंचे कार्ड काढून घेऊन भाऊजींनी मला परत केले. पण माझ्या पोटात दोन कार्डे बसतात. प्रत्येक फोटो दोन्हींवर उतरावा, अशी सोय बाईंनी करून ठेवली होती. भाऊजींना तिचा पत्ताच नव्हता.

तीन दिवसांनी आम्ही तळ्यावर गेलो. दोन पिल्ले घरट्यात सुकून पडली होती, तिसरे नव्हतेच. आई चोचीत किडा धरून शेजारच्या तारेवर बसली होती. बाईंनी एकच फोटो काढला.  

त्या तडक बहिणीच्या घरी गेल्या आणि छाटलेल्या फांद्यांचे, मेलेल्या पिल्लांचे सांगितले.

"कावळ्याचं काम असेल गं," भाऊजी चहा ढवळत म्हणाले. "निसर्गच आहे तो."

त्या रात्री बाईंनी माझे दुसरे कार्ड उघडून पाहिले. पुढे भाऊजींच्या त्या लाल चोचींच्या फोटोला मंडळाचे पहिले बक्षीस मिळाले. समारंभात पडद्यावर फोटो दाखवायचे काम नेहमीप्रमाणे बाईंकडे होते. भाऊजी हार घालून पुढे बसले होते. बक्षिसाचा फोटो झळकला, टाळ्या पडल्या. मग बाईंनी दुसऱ्या कार्डावरचे फोटो वेळेसकट, ओळीने लावले. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे, दाट पाने. सव्वासात, एक फांदी गायब. सात वीस, कोपऱ्यात कात्रीचे टोक. आणि शेवटी ते सुकलेले घरटे.



"हे कुणी लावलं?" भाऊजी उठले.

"मी. फोटो तुमचेच आहेत, भाऊजी. शेवटचा तेवढा माझा."

टेबलावर बसून मी त्यांचा उतरलेला चेहरा डोळे भरून पाहिला. असा आनंद मला कुठल्याही पक्ष्याने दिला नव्हता.

बक्षीस गेले, अध्यक्षपदही गेले. दाराशी बहीण बाईंना म्हणाली, "घरी येऊन बोलली असतीस तर?"

"घरीच बोलले होते, ताई. तेव्हा तो निसर्ग होता."

त्यानंतर ताई कधी दुकानात आली नाही. बाईंनी त्याचे दुःख केले. समारंभात जे केले त्याचा पश्चात्ताप मात्र केला नाही. मीही नाही.

मित्रांनो, फोटो काढायला जरूर जा. पण पान आड आले, तर तुम्ही बाजूला सरका, पानाला सरकवू नका. आणि सरकवलेच, तर एवढे ध्यानात ठेवा की तुमच्या गळ्यात लटकणारा सगळे बघत असतो.